चोरीला गेलेलं क्रिप्टो ‘फ्रीज’ करता येतं का?

बँकेत फ्रॉड झाला की आपण लगेच फोन करतो, चोराचं खातं गोठवायला सांगतो. मग क्रिप्टो चोरीला गेलं तर तसं करता येतं का? कधी येतं, कधी नाही. कॉइन कोणतं आहे आणि ते आत्ता कुठे पडलंय, यावर सगळं ठरतं.

आधी बिटकॉइन आणि इथर घेऊ. यांच्यामागे कुठली कंपनी नाही. ज्याच्याकडे प्रायव्हेट की, तो पैसे हलवणार. नेटवर्क फक्त सही बरोबर आहे का ते तपासतं. सही करणारा मालक आहे की चोर, हे विचारत नाही. त्यामुळे बंद करायचं बटणच कुणाकडे नाहीये.

यूएसडीटी, यूएसडीसीचं तसं नाही. ती टेदर आणि सर्कल या कंपन्यांची कॉइन्स. त्यांच्या कोडमध्येच काळ्या यादीची सोय आहे. पत्ता यादीत गेला, की तिथली कॉइन्स जागची हलत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये पॉली नेटवर्कमधून सुमारे ६१ कोटी डॉलर चोरीला गेले, तेव्हा टेदरने त्यातले सुमारे ३.३ कोटी यूएसडीटी असेच अडकवले होते.

चोरांनाही हे माहीत असतं! म्हणून ते आधी माल इथरमध्ये बदलून घेतात. आपल्या मुंबईच्या वझीरएक्सचं बघा. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली. चोराने वेगवेगळी टोकन्स पटापट इथरमध्ये बदलली आणि पुढे ते इथर टोर्नेडो कॅश नावाच्या मिक्सरमध्ये टाकलं, म्हणजे माग काढणंही अवघड.

तरी एक दार उरतं: एक्सचेंज. चोर रोख पैसे करायला एक्सचेंजवर आला, तर ते त्याचं खातं बंद करू शकतं. कारण तिथे की एक्सचेंजच्या हातात असते.

आणि अख्ख्या नेटवर्कने ठरवलं तर? तेही झालंय. २०१६ च्या ‘डाओ’ चोरीनंतर इथेरियमने नियम बदलून पैसे परत फिरवले. ज्यांना ते पटलं नाही, ते इथेरियम क्लासिकवर राहिले. मे २०२५ मध्ये सुई नेटवर्कवरच्या सीटस एक्सचेंजमध्ये चोरी झाली, तेव्हा व्हॅलिडेटर्सनी चोराचे व्यवहार घ्यायलाच नकार दिला आणि सुमारे १६ कोटी डॉलर अडकले. पण जे चोराचे पैसे अडवू शकतात, ते उद्या तुमचेही अडवू शकतात. आणि तुमच्या-माझ्या पन्नास हजारांसाठी अख्खं नेटवर्क थांबणार नाही, हेही खरं.

म्हणून वेळ घालवू नका. व्यवहाराचा हॅश, चोराचा वॉलेट पत्ता आणि वेळ, तिन्हीचे स्क्रीनशॉट काढा. १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे कुठल्या एक्सचेंजवर गेलेले दिसले, तर त्यांनाही तक्रार क्रमांकासह लगेच कळवा.

आणि टेलिग्रामवर कुणी म्हणालं, “फी भरा, तुमचं बिटकॉइन फ्रीज करून परत आणतो,” तर सरळ ब्लॉक करा. ते बटण त्याच्याकडे नाही, आणि का नाही ते आता तुम्हाला माहितीये.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!