मालाचे नाव आणि मालाची ओळख

(ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय रुक्ष आहे. मेळाव्यात वधूवरांविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी बोलावे; तेथे जकातीचे पुराण कशास, असे कोणी म्हणेल. तथापि आपल्या कासार समाजातील कित्येक तरुण तांब्यापितळेचा व बांगड्यांचा वडिलार्जित धंदा सांभाळून आता ॲक्रिलिकचा माल परदेशाहून आणू लागले आहेत, तसाच तो परदेशी धाडूही लागले आहेत. एका आकड्याच्या चुकीने त्यांच्या भांडवलास कसा खड्डा पडतो हे आम्ही पाहिले आहे. किंबहुना असा एक खड्डा आमच्याच हातून पडला आहे.

आमचा व्यवसाय सीमाशुल्क खात्यात व्यापाऱ्यांच्या वतीने कागदपत्रे सादर करण्याचा. काही वर्षांपूर्वी एका ज्ञातिबंधूचा माल बंदरात उतरला. बिलावर 'ॲक्रिलिक शीट' असे लिहिले होते. आम्ही पेटी उघडवून पाहिली नाही, नमुना मागविला नाही, नाव वाचले आणि ३९२० ५१ हा आकडा घालून मोकळे झालो. तपासणीत पेट्यांतून निघाल्या त्या दुकानातील मालाच्या मांडणीसाठी कापलेल्या गोल चकत्या. त्यांच्या कडा घासलेल्या होत्या, मधोमध भोक पाडलेले होते. माल अडकला, डेमरेज चढले, दिवाळीची मागणी हातची गेली. त्या गृहस्थाने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच आम्हांस अधिक लागले. त्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून आजचे हे व्याख्यान समजावे.

चूक नेमकी काय झाली? जगात २०० हून अधिक देश व आर्थिक संघ मालाची वर्गवारी एकाच पद्धतीने करतात. तिचा करार १९८३ साली ब्रुसेल्स येथे झाला व १९८८ पासून तो अमलात आला. भारताने आपली जकातसूची १९८६ सालीच या धर्तीवर बांधली. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकडे शीर्षकाचे, सहा उपशीर्षकाचे. सहा आकड्यांपर्यंत सर्व देशांची सूची एक, आणि पुढचे दोन आकडे आपले स्वतःचे. या पद्धतीचा पहिला नियम असा की, वर्ग ठरतो तो शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभागांच्या व प्रकरणांच्या टीपांवरून. बाजारातील नावाला तेथे मान नाही.

प्लॅस्टिकचे प्रकरण ३९ वे. त्याची दहावी टीप सांगते की ३९२० व ३९२१ या शीर्षकांतील 'पत्रा' म्हणजे अखंड किंवा केवळ चौकोनी कापलेला. त्यावर छपाई असली तरी चालते, परंतु त्यापुढे काही काम केलेले नसावे. आमच्या चकत्या गोल होत्या, भोक पाडलेल्या होत्या. त्यामुळे त्या पत्रा राहिल्या नाहीत, ३९२६ खालील 'प्लॅस्टिकच्या इतर वस्तू' झाल्या. ही टीप छापलेली होती. आम्ही ती वाचली नव्हती, इतकेच.

आता ॲक्रिलिक या एका नावाखाली किती वस्तू वावरतात ते पाहा. १९३० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडात 'पर्स्पेक्स' व जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावांनी ही काचेसारखी स्वच्छ वस्तू बाजारात आली. तिचा मूळ द्रव, मिथाइल मेथॅक्रिलेट, अद्याप प्लॅस्टिक झालेला नाही. तो रसायनांत, २९१६ १४ मध्ये. त्याचे बहुवारिक होऊन दाणे अगर भुकटी झाली की ३९०६. कातरण व भंगार ३९१५. सळई ३९१६, नळी ३९१७. साधा भरीव पत्रा ३९२० ५१. त्याच्या पाठीस स्वतः चिकटणारा थर असेल तर ३९१९. पत्रा सच्छिद्र, फेसाळ असेल किंवा अन्य पदार्थाच्या थराशी जोडलेला असेल तर ३९२१. न्हाणीतील टब ३९२२, ताटवाट्या ३९२४. ॲक्रिलिकचा रंग पाण्यात कालवलेला असेल तर ३२०९, अन्य द्रवात असेल तर ३२०८. ॲक्रिलिकच्या आखूड तंतूंचे सूत ५५ व्या प्रकरणात. कायमचा दिवा बसविलेली नामपाटी ९४०५ मध्ये, आणि शर्टाची गुंडी ९६०६ मध्ये. नाव एक, घरे अनेक.

दाण्यांतही मेख आहे. ३९०६ १० हे उपशीर्षक पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचे. पण तेथे बसण्यास त्या एकाच मूळ द्रव्याचा भाग वजनाने ९५ टक्के किंवा अधिक असावा लागतो. साच्यात ओतण्यास सुलभ व्हावे म्हणून कारखानदार त्यात दुसरे ॲक्रिलेट थोडे मिसळतात. ते प्रमाण वाढून मूळ द्रव्य ९५ च्या खाली उतरले की माल ३९०६ ९० मध्ये जातो. पत्र्यासही हाच न्याय: ३९२० ५१ ऐवजी ३९२० ५९. डोळ्यांना हा भेद दिसत नाही. तो कारखान्याच्या विश्लेषणपत्रात असतो. तेवढ्यासाठी ते पत्र मागवावे.

बंधूंनो, हे आपल्याला नवे का वाटावे? तांब्यात जस्त घातले की पितळ, कथील घातले की कासे, हे आपल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. भांडे वाजवून नादावरून धातू सांगणारे वडीलधारे आपण पाहिले आहेत. जकातसूचीही तोच हिशेब करते. वजनाने तांबे इतर प्रत्येक धातूपेक्षा अधिक, म्हणून पितळ व कासे दोन्ही ७४ व्या प्रकरणात. मात्र कच्च्या मालाच्या उपशीर्षकांत पितळ ७४०३ २१ आणि कासे ७४०३ २२. कशाचे बनले, किती प्रमाणात, आणि कोणत्या रूपात आहे, हे तीन प्रश्न आपल्या वडिलांनी विचारले, तेच आपण ॲक्रिलिकला विचारावे.

बांगडीचेच पाहा. २०१७ साली वस्तु व सेवा कर आला, तेव्हाच्या करमाफीच्या सूचीत काचेची बांगडी ७०१८ खाली आहे, प्लॅस्टिकची ३९२६ खाली आणि लाखेची ७११७ खाली. मनगट एक, पण बांगड्यांची घरे तीन. परदेशी धाडताना तर अधिक सावध असावे. ३९ व्या प्रकरणाच्या टीपाच नकली दागिने ७११७ कडे पाठवितात, आणि अमेरिकेच्या सीमाशुल्क निर्णयांत प्लॅस्टिकची कंकणे त्या शीर्षकाखाली गेलेली आढळतात. म्हणून आपल्या कागदावरचा आकडा तिकडच्या ग्राहकाशी आधी ताडून घ्यावा.

कोणी म्हणेल, चूक झाली तर अधिकारी दुरुस्त करतील. तसे नाही. २०११ पासून स्वतःच्या मालाचा वर्ग व शुल्क आयातदाराने स्वतःच ठरवून लिहावयाचे आहे. शुल्क कमी भरले गेले तर साधारणतः दोन वर्षांपर्यंत मागणी येऊ शकते; हेतुपुरस्सर खोटे लिहिले किंवा दडविले असे ठरले तर पाच वर्षांपर्यंत, आणि वर दंड. ज्याने स्वस्त शुल्काच्या मोहाने आकडा निवडला, त्याने पाच वर्षांची झोप विकली असे समजावे. खरी शंका असेल तर मार्ग आहेत. तात्पुरत्या निर्धारणावर माल सोडवून घेता येतो. माल मागविण्यापूर्वीच अग्रिम निर्णय मागता येतो. त्यासाठीची प्राधिकरणे २०२१ पासून मुंबई व दिल्ली येथे आहेत. सूची दर काही वर्षांनी पालटते. सध्याची आवृत्ती २०२२ ची असून पुढची १ जानेवारी २०२८ पासून यावयाची आहे. जुना आकडा डोळे मिटून उतरवू नये.

आमची विनंती एवढीच आहे. आपल्या तरुणांनी माल मागविण्याआधी नमुना हाती घ्यावा, विश्लेषणपत्र वाचावे, प्रकरणाच्या टीपा वाचाव्यात, आणि आमच्यासारख्या मध्यस्थाला केवळ बिल न देता वस्तू दाखवावी. आणि मध्यस्थाने, मग तो ज्ञातीचा असो वा बाहेरचा, ती पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये. ज्या दिवशी आम्ही न पाहता लिहिले, त्या दिवशी आम्ही कासाराचे पोर शोभलो नाही.