चोर कीं घरचाच नोकर?

माझ्या एका स्नेह्याच्या घरीं लिनक्सवर चालणारा संगणक आहे. एके दिवशीं सकाळीं त्याचा घाबऱ्या आवाजांत फोन आला. रात्रींतून संगणकांतील शेंकडों फायली बदलल्या होत्या, आणि नोंदींची भरलेली फाईल जाऊन तिच्या जागीं कोरी आली होती. "कोणीतरी आंत शिरलें! आतां सगळें पुसूनच टाकतों," असें तो म्हणत होता. मीं त्याला थांबविलें. चोर खरा असता, तर पुसण्यानें त्याचा मागही पुसला गेला असता.

पण चोर नव्हताच. सुधारणा आपोआप बसविण्याची सोय त्यानें स्वतःच चालू केली होती. आणि जुनी वही बाजूस ठेवून नवी उघडण्याचें काम लॉगरोटेट नांवाचा घरचाच नोकर करीत असतो. डेबियन घराण्याच्या संगणकांत प्रत्येक पॅकेज केव्हां बसलें याची वेळ डीपीकेजीच्या नोंदींत सांपडते. ती ताडून पाहतांच त्याचा जीव भांड्यांत पडला. चुकीचे परवलीचे शब्द घेऊन बाहेरून दार ठोठावणारेही इंटरनेटवर रोजचेच. अनोळखी पत्त्यावरून दार उघडल्याची एकच ओळ मात्र अशा हजार ओळींहून गंभीर समजावी.

तथापि खरा चोर किल्ली घेऊनही येतो. 19 नोव्हेंबर 2003 रोजीं खुद्द डेबियन प्रकल्पाच्या सर्व्हरवर एक घुसखोर शिरला, तो एका कार्यकर्त्याचा चोरलेला परवलीचा शब्द वापरून! दुसऱ्या दिवशीं 'मास्टर' या सर्व्हरचा कर्नेल अडखळूं लागला. एका यंत्राचें असें होणें नवलाचें नाहीं. पण 'मर्फी' या दुसऱ्या सर्व्हरलाही तोच विकार जडलेला दिसला, तेव्हां मंडळींना संशय आला. त्याच सुमारास, फायलींचे ठसे जपणाऱ्या 'एड' या पहारेकऱ्यानें कळविलें कीं, संगणक सुरू होतांना प्रथम चालणारी 'इनिट' ही फाईलच बदलली आहे. घुसखोरानें 'सकिट' नांवाचें लपून राहण्याचें साधन तेथें बसविलें होतें.

सर्वाधिकार हातीं आलेला घुसखोर संगणकांतल्या नोंदीही खोडूं शकतो; म्हणून असे ठसे संगणकाबाहेर ठेवलेले बरे. माझ्या स्नेह्यानें ते पेनड्राइव्हवर घेऊन कपाटांत ठेवले आहेत. प्रत्येक सुधारणेनंतर मात्र ते नव्यानें घ्यावे लागतात, आणि त्याचा तो अजून कंटाळा करतो.