दुधातील स्निग्धांश आणि गाईच्या पोटातील जिवाणू

(सत्तरी तालुक्यातील दूध उत्पादकांच्या सभेत एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध शेतकरी आपली दुधाची वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या दोन संकरित गाईंचे दूध मापाने कमी झाले नव्हते. परंतु स्निग्धांश, ज्याला आपण सर्वजण फॅट म्हणतो, तो नेहमीच्या चार टक्क्यांवरून तीनच्याही खाली उतरला होता. वहीत लाल शाईने ‘पाणी?’ असा शेरा होता. दर घटल्याचे दुःख होतेच. पण “साहेब, चाळीस वर्षे दूध घालतो आहे, असे कोणी लिहिले नव्हते,” हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. आजचा विषय मी त्या वहीवरून घेतला आहे.

दुधात पाणी घातले तर केवळ फॅट घटत नाही; स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे एस.एन.एफ., हेही त्याच प्रमाणात घटतात आणि लॅक्टोमीटरचा आकडा उतरतो. त्या वहीत एस.एन.एफ. जागच्या जागी होता. पाणी घातलेले नाही, हे वहीच सांगत होती. मग फॅट गेली कोठे?

गाईच्या चार पोटांपैकी पहिले कोठीपोट. मोठ्या गाईत ते शंभर लिटरहून अधिक मावेल एवढे असते आणि त्यातील एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू नांदतात. गवताचे तंतू पचविणारा रस गाईच्या अंगी नाही. ते काम हे जिवाणू करतात व त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. वैरणीवर वाढणाऱ्या जिवाणूंपासून ॲसेटिक आम्ल अधिक मिळते, तर पिठूळ आंबोणावरच्या जिवाणूंपासून प्रोपिऑनिक. ॲसेटिक आम्ल रक्तावाटे कासेत जाते आणि मुख्यतः त्यापासून दुधातील जवळजवळ निम्मा स्निग्धांश तेथेच घडतो. उरलेला रक्तातील मेदापासून येतो.

यावरून ‘वैरण कमी, म्हणून ॲसेटिक आम्ल कमी, म्हणून फॅट कमी’ असे सरळ गणित मांडले जाई. मीही ते पाठ केले होते. परंतु आंबोण वाढविले तरी ॲसेटिक आम्लाची निर्मिती फारशी घटत नाही, प्रोपिऑनिक वाढल्यामुळे केवळ दोहोंचे प्रमाण बदलते, असे मोजमापांत दिसून आले.

खरी मेख तेलात आहे. वैरणीतील व पेंडीतील तेलात असंतृप्त स्निग्धाम्ले असतात आणि ती जिवाणूंना बाधतात. म्हणून जिवाणू त्यांना हायड्रोजन जोडून निरुपद्रवी करून टाकतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात यंत्रे जे करतात, तेच हे. वैरण तुटपुंजी पडून कोठीपोट आंबट झाले की तेथील जिवाणूंची वस्ती पालटते, ही क्रिया आडवाटेला लागते आणि मधल्या टप्प्यावर एक निराळेच स्निग्धाम्ल तयार होते. रसायनशास्त्रात त्याला ट्रान्स-१०, सिस-१२ संयुग्मित लिनोलिक आम्ल म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेल बॉमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आम्ल रोज केवळ १० ग्रॅम याप्रमाणे चार दिवस गाईंच्या चौथ्या पोटात सोडले. तेवढ्याने स्निग्धांश चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. दुधाचे माप मात्र कायम राहिले. हे काम २००० साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील बूसिंगो यांनी खाद्यामुळे होणाऱ्या अशा घटीची नोंद १८४५ मध्येच केली होती. कोडे सुटण्यास दीडशे वर्षे लागली!

आता पुन्हा त्या गोठ्याकडे वळू. पावसात त्यांचा पेंढा भिजून कुजला होता. तो बंद करून त्यांनी मक्याचे पीठ व भाताचा कोंडा वाढविला. फॅट उतरू लागली तेव्हा कोणाच्या तरी सल्ल्याने रोज शेंगदाण्याचे तेलही पाजले. तेल पाजले म्हणजे फॅट चढेल, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. परंतु आंबट झालेल्या पोटात ते तेल म्हणजे त्या घातक आम्लाचा कच्चा मालच होय. तेल न काढलेल्या कोंड्याचेही तसेच.

उपाय साधा होता. तेल बंद केले, कोरडा पेंढा विकत आणून आंबोणाच्या आधी घातला, आणि आंबोण दोन वेळांऐवजी चार वेळा विभागून दिले. पेंढ्याची कुट्टी फार बारीक करू नये, कारण लांब काड्यांवाचून रवंथ होत नाही. रवंथ करणारी गाय दिवसाला शंभर लिटरपर्यंत लाळ गिळते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच अंश असल्यामुळे पोटातील आंबटपणा मारला जातो. वरून सोडा द्यावयाचा झाल्यास प्रमाण पशुवैद्यकास विचारावे. खाद्यातील कोणताही बदल दोन आठवड्यांत हळूहळू करावा.

शिक्षकमित्रांनी मुलांना दुपारी एखाद्या गोठ्यात अवश्य न्यावे. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत असल्या पाहिजेत. एका घासाला गाय साधारणपणे पन्नास-साठ वेळा चावते. मुले हे मोजतात, आणि मोठ्यांपेक्षा नेटाने मोजतात!

संस्थांच्या चिटणीसांना एक सांगणे आहे. फॅटची प्रत्येक घट पोटातून येते असे नाही. शेवटच्या धारा सर्वांत स्निग्ध असतात. त्या वासराला सोडल्या तर डब्यातील फॅट घटते. साय काढलेल्या दुधातही फॅट कमी आणि एस.एन.एफ. शाबूत असतो. म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी आपल्या माणसासमोर गोठ्यात पूर्ण दोहन करवून, दूध ढवळून नमुना घ्यावा. एका सकाळचे काम आहे.

त्या शेतकऱ्यांच्या गाईंची फॅट तिसऱ्या आठवड्यात पूर्ववत झाली. वहीतील लाल शेरा मात्र अद्याप तसाच आहे. तो खोडून खाली सही करावी, असे मी संबंधित संस्थेला लेखी कळविले आहे.