मुलींच्या झोपेचा हिशेब
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीतील भाषण)



मुलगा उशिरा उठला तर 'सूर्यवंशी' म्हणून घरातले हसतात. मुलगी सात वाजेपर्यंत झोपली तर मात्र 'सासरी कसं होणार हिचं?' असा प्रश्न येतो. या वयात शरीर दोघांचंही सारखंच बदलत असतं, न्याय मात्र वेगळा. म्हणून आज झोपेबद्दल बोलायचं आहे.

शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. मेंदूतल्या पेशींचा एक लहानसा पुंजका उजेड-अंधाराच्या खुणेवर ते चालवतो. रात्र होऊ लागली की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि शरीराला झोपेची वेळ कळते. वयात येताना हे घड्याळ तास-दोन तास मागे पडतं. मुलींमध्ये हा बदल मुलांपेक्षा थोडा आधी सुरू होतो आणि विशीच्या सुमारास पुन्हा उलट फिरू लागतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री दहाला झोप आली नाही, तर तो हट्टच असतो असं नाही. आणि या वयाला झोप लागते आठ ते दहा तास!

काही जणींचं घड्याळ इतकं मागे पडतं की पहाटे दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या इलियट वाइट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली या विकाराचं वर्णन केलं. तेव्हा मोबाइल कुठे होते? मोबाइलने भर पडते हे खरं, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. या मुलींना सुट्टीत त्यांच्या वेळेने झोपू दिलं तर शांत झोप लागते. हाल होतात ते सकाळी जगाच्या वेळेशी जुळवून घेताना. न्याहारी राहते, पहिल्या तासाला डोळे मिटतात, चाचणी बुडते, चिडचिड होते. मग 'हिचं शिक्षणात लक्षच नाही' असा शिक्का बसतो. अशा शिक्क्यानंतर मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात आपल्या घरची श्रमविभागणी. नळाला पहाटे पाणी आलं की उठवायचं मुलीला. रात्री सगळ्यांची जेवणं आणि भांडी उरकल्यावर तिचा अभ्यास. तिची झोप दोन्ही टोकांनी कापली जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. या फरकाची सवय मुलीला कोवळ्या वयातच लावली जाते.

कुणी आई म्हणेल, 'आमची झोप कुणी विचारली?' बरोबर आहे. म्हणूनच मुलीचं काम आईवर ढकलणं हा उपाय नाही. पहाटेच्या पाण्याची पाळी बापाने आणि भावानेही घ्यायची.

शाळेच्या वेळेचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलं झालं. पण घड्याळ मागे पडतं ते त्यापुढच्या वयात, आणि ती मुलं त्यातून सुटली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळांना साडेआठच्या आधी भरायला कायद्याने मनाई आहे. आपणही ही मागणी करू, पण डोळसपणे. शाळा उशिरा सुटली तर अंधारातली वाट आणि चुकलेली एसटी मुलीच्याच वाट्याला येईल. म्हणून वेळेबरोबर गाडीचीही मागणी हवी.

घरी काय करता येईल? उठल्यावर थोडा वेळ उन्हात जाऊ द्या. उठण्याची वेळ सुट्टीतही फार बदलू नका. रात्री दिवे आणि पडदे मंद करा. महिनोन्‌महिने झोपेची वेळ जुळत नसेल, शाळा बुडत असेल किंवा मुलगी उदास राहत असेल, तर बाधा झाली म्हणून देवऋषाकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका.

आणि आपल्या किशोरी गटांमध्ये एक प्रश्न जरूर विचारा: काल रात्री तू किती वाजता झोपलीस, सकाळी तुला कुणी उठवलं, आणि कशासाठी? या तीन उत्तरांतून घरातली विषमता मुली स्वतःच मांडतील. तिथून पुढचं काम आपलं सगळ्यांचं आहे.