शहर दाटत जाताना : जालन्याची घरे, पाणी आणि सावली



'दाट वस्तीच्या आशियाई शहरांतील टिकाऊ व निरामय गृहनिर्माण' हे विषयाचे नाव ऐकले की डोळ्यांपुढे सिंगापूर, टोकियो किंवा मुंबईचे उत्तुंग मनोरे उभे राहतात; आणि बदनापूर किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या सरपंचाला या चर्चेशी आपला संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. मोडीतले लोखंड वितळवून सळई तयार करण्याचा उद्योग जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या प्रमाणावर वाढला. राज्यातील अनेक मोठ्या इमारतींच्या खांबांत आणि तुळयांत जालन्याची सळई आहे. शहरे उभी करण्याचे साहित्य जो गाव पुरवितो, तो गाव स्वतः कसा उभा राहणार, हा आजचा खरा प्रश्न होय.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हाचे व्यापारपेठेचे गाव आज महानगरपालिकेचे शहर झाले आहे. २०२३ मध्ये नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांवर होती. त्यानंतर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, शहराच्या कडेची शेते भूखंडांत मोजली जाऊ लागली. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांच्या जोडीला जमीन हाही आता एक धंदा झाला आहे. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण जुनी. पण पाळण्याला दोरी लागते, आणि जालन्याची दोरी नेहमीच पाण्याची राहिली आहे.

हे जुन्या राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा सुभेदार असलेल्या जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तेथून जमिनीखालील नळांनी शहरात पाणी आणले. काळी मशीद, तिच्याजवळची सराई आणि हमाम ही बांधकामेही त्याच्याच नावावर सांगितली जातात. शहराच्या भरभराटीच्या काळात येथे पाच तलाव होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे १७२५ मध्ये निजाम असफजाहच्या आज्ञेने काबिलखानाने किल्ला बांधला, त्यातही मोठी विहीर घेतली. आजच्या जाहिरातींत ज्याला 'आरोग्यदायी राहणी' म्हणतात, तिचा त्या काळचा अर्थ इतका साधा होता : वाटसरूला निवारा, अंघोळीला पाणी आणि चौकात हौद. इमारत आणि तिचे पाणी हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्या मंडळींना कधी वाटलेच नाही.

विसाव्या शतकात निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. या तलावाची खुबी अशी की त्याचे पाणी उताराने, पंपाशिवाय शहरात येते. विजेचे देयक नाही, यंत्र बिघडण्याची भीती नाही. मात्र शहर वाढत गेले, तलावात गाळ साठत गेला आणि ज्या शहराला हे पाणी मिळत होते, त्याला तलावाचा हळूहळू विसर पडला. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडा पडला, तेव्हा हा विसर किती महाग होता ते कळले. नळ दिवसेंदिवस बंद राहिले, टँकरभोवती घागरींच्या रांगा लागल्या. त्याच सुमारास जायकवाडीचे पाणी अंबडमार्गे जालन्यास आणण्यात आले, म्हणून शहर तगले. दुसरीकडे घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने उद्योजक व नागरिकांनी तलावातील गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. दूरच्या धरणातून पंपाने चढवलेले पाणी आणि घरच्या तलावातून उताराने येणारे पाणी, या दोहोंच्या खर्चाची तुलना कोणत्याही शाळेतील गणिताच्या तासाला करून पाहण्यासारखी आहे.

घराच्या छपराचा हिशेबही असाच करावा. जालना जिल्ह्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पाणी पडते. उडून जाणारे व पहिल्या पावसात वाहू द्यावे लागणारे पाणी वजा करून ८० टक्के जरी हाती आले, तरी ५६ हजार लिटर उरतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी १३५ लिटर या प्रमाणाने पाच जणांच्या कुटुंबाला ते सुमारे ८३ दिवस पुरते. केवळ पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले, तर तीन वर्षांहून अधिक. एवढे सगळे साठविण्याइतकी टाकी कोणी बांधणार नाही, हे खरे. पण उरलेले पाणी बोअरच्या शेजारी शोषखड्ड्यात सोडावयास काय हरकत आहे? राज्याच्या बहुतांश भागास २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामास पर्जन्यजल संकलन बंधनकारक केले आहे. नियम आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र नळी गच्चीवरून खाली येते आणि गटारात सुटते. नकाशावर खड्डा असतो, जमिनीवर नसतो. हा खड्डा पाहावयास भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने जागेवर जावे, याहून मोठी कोणतीही यंत्रणा त्यासाठी लागत नाही.

पाण्यानंतर ऊन. मराठवाड्यातील मे महिन्याचा उन्हाळा येथील कोणास समजावून सांगावयास नको. जुन्या घरांनी त्यावर शोधलेला उपाय माळवदाचा होता : लाकडी सरांवर किलचा, त्यावर मातीचा जाड थर, भिंती हातभर रुंद, पांढऱ्या मातीच्या, मध्ये चौक, पुढे ओसरी. जाड माती दिवसाचे ऊन सावकाश शोषते, ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते. वाड्यातल्या ओसरीवर दुपारी निवांत पडता येत असे, याचे कारण एवढेच.

तथापि जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली, ती मुख्यत्वे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. तेव्हा माळवदाकडे परत जावे, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. परत जावयाचे आहे ते त्यामागच्या विचाराकडे. त्यानंतर वसविलेल्या गावांत काँक्रीटची घरे व रुंद रस्ते आले, पण ओसरी आणि गल्लीची सावली हरवली. भूकंपातून वाचलेल्या माणसाला उन्हात उभे करणे हाही पूर्ण न्याय नव्हे.

आज जालन्यात आणि आसपासच्या गावांत जे घर बांधले जाते, ते बहुधा चार-साडेचार इंच जाडीच्या स्लॅबचे असते. हा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खालच्या खोलीत सोडतो. लहान मूल, म्हातारे माणूस, बाळंतीण यांची झोप त्यात जाते. घर दोन मजल्यांचे, त्यात भाडेकरू वरच्या मजल्यावर, म्हणजे तापाचा वाटाही त्याच्याच नशिबी. निरामय घराची चर्चा खरे तर येथून सुरू व्हावयास हवी. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे झोपडवस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. एकेकाळी जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्यातला मोठा भाग आज तेलंगणात आहे. त्या राज्याने २०२३ मध्ये शीत छताचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते, यात गूढ काही नाही. गच्चीवर चुन्याचे दोन हात, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची वा जाळीची आड, समोरासमोर खिडक्या : खर्च थोडा, परिणाम रोजचा. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतकी खिडक्यांची उघडझाप सांगते. वीस फूट रुंदीच्या भूखंडावर दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरातील मधल्या खोलीला ती कोठून मिळणार, हे मात्र नकाशा काढतानाच ठरवावे लागते.

आता परदेशाकडे वळू. टोकियोने २००१ मध्ये नियम केला की एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या खासगी इमारतीच्या वापरण्याजोग्या छतापैकी किमान २० टक्के भागावर हिरवळ असावी. सिंगापूरने २००९ पासून इमारत बांधताना गेलेली हिरवाई गच्चीवर, सज्जांत वा तळमजल्यावर परत द्यावयास बांधकाम करणाऱ्यांना भाग पाडले. तेथील बिशान भागात सिमेंटने बांधून काढलेला एक कालवा २०१२ पर्यंत मोडून वळणावळणाची नदी करण्यात आली. कोरड्या दिवसांत लोक तिच्या काठावर फिरतात, पावसात तोच काठ पाण्याला पसरावयास जागा देतो. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून वाहणाऱ्या या नदीकडे शहराने पाठ फिरविली, सांडपाणी तीत सोडले, काठ आवळत आणला. सोल शहरातील चोंगेचोन ओढ्याचा २००५ मध्ये झालेला कायापालट अधिक प्रसिद्ध आहे, परंतु त्या ओढ्यात रोज पंपाने पाणी चढवावे लागते. जालन्याने त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. नदी स्वच्छ ठेवणे आणि तिच्या पुराला जागा सोडणे, इतके आधी साधावे. कारंज्यांचा विचार नंतरही होईल.

दाट वस्ती म्हणजे रोगट वस्ती, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. सिंगापूर अत्यंत दाट आहे. जुना जालनाही दाटच होता. उलट शेतामागून शेत भूखंडांत मोडत शहर पसरू लागले की रस्ता, नळ, गटार, दिवा हे सगळे लांबत जाते आणि त्यांचा खर्च शेवटी करदात्यावर येतो. रोग येतो तो दाटीबरोबर मोकळी जागा, सावली व निचरा नाहीसा होतो तेव्हा. जालना हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपैकी एक आहे, म्हणजे येथील हवा ठरविलेल्या मर्यादेत नाही. अशा शहरात व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव असलेल्या संकुलाला 'निरामय' ठरविणे म्हणजे दुष्काळी भागात पाण्याचे प्रदर्शन मांडणे होय. हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास नियमावलीने ३ ते ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र देऊ केले आहे, ही सवलत चांगली; पण तिचा लाभ मोठ्या बांधकामांना. जालन्याचा बहुसंख्य माणूस दीड-दोन गुंठ्यांत आपल्या हिमतीने घर बांधतो. त्याच्यापर्यंत पोचते ती अभिन्यासाची म्हणजे लेआउटची शिस्त.

येथेच पंचायत सदस्यांचा संबंध येतो. शहराच्या सीमेवरील गावांत भूखंड पाडले जातात, तेव्हा ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के क्षेत्र मोकळे ठेवावयाचे असते. ही जागा बहुधा सर्वांत गैरसोयीच्या कोपऱ्यात सोडली जाते. काही वर्षांनी तेथे एखादे बांधकाम उभे राहते, आणि मग कोणी हरकत घेत नाही. नाल्यांचेही तसेच. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओघळ भूखंडाच्या नकाशातून नाहीसा होतो, आणि एका जोरदार पावसात तो आपली जुनी वाट शोधत घरात शिरतो. गावातील वडीलधाऱ्यांना असे प्रत्येक ओघळ ठाऊक असतात. नकाशा करणाऱ्याला नसतात.

पाण्याच्या वाटा ओळखून काम केले तर काय होते, हे जालना तालुक्यातीलच कडवंची गावाने दाखविले आहे. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली, शेततळी आली आणि कमी पावसाच्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेतासाठी लावलेली हीच दृष्टी वसाहतीसाठी लावावयास नवे शास्त्र शोधावे लागणार नाही. घाणेवाडीच्या पाणलोटात येणाऱ्या गावांना तर ती तातडीने लावावी लागेल, कारण तेथील प्रत्येक नवा अभिन्यास एक तर तलावात पाणी पाठवील किंवा गाळ आणि सांडपाणी पाठवील.

शिक्षकांनी यात बरेच करावयासारखे आहे. शाळेच्या छपराचे पाणी मोजणे, वर्गातील व झाडाखालील दुपारच्या तापमानाची नोंद ठेवणे, गावाचे जुने ओघळ वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर उतरविणे ही कामे आठवी-नववीची मुले करू शकतात. असा नकाशा आणि अभिन्यासातील मोकळ्या जागांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली जावी, ग्रामसभेत वाचली जावी आणि मालमत्तेच्या नोंदवहीत चढविली जावी. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी हे काम झाले, तर पहिल्याच पावसात ओघळ बरोबर उतरले की नाही, तेही तपासून पाहता येईल.