वीजबचतीचा निधी आणि त्याचा हक्कदार



आंबागडच्या पायथ्याशी व्याख्यान द्यावयाचे म्हणजे गडाच्या इतिहासावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ते काम विद्वानांचे आहे. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे आमचे शिक्षण पगारपत्रके, कामगार न्यायालयाचे निवाडे आणि उसनी आणलेली कायद्याची पुस्तके यांवर झाले. म्हणून आज आम्ही ज्या कागदावर बोलणार आहोत, तो कागदही तसाच रुक्ष आहे. तो म्हणजे विजेचे बिल.

हे बिल वाचावयास आम्ही कसे शिकलो, ते आधी सांगतो. दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातील एका राइस मिलमधील तीसएक हमाल व मशीनवाले रोजी पंधरा रुपयांनी वाढवून मागत होते. मालक म्हणाले, "देतो कुठून? सारा पैसा विजेत जातो." मालक नेहमी असेच म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्या दिवशी आमच्यातील एका म्हाताऱ्या हमालाने सरळ सांगितले, "मग बिल दाखवा, शेठजी." शेठजींनी रागारागाने बिलांची फाइल टेबलावर टाकली. आम्ही ती घरी नेली आणि तीन रात्री तिच्यावर घालविल्या. एका ओळीत पॉवर फॅक्टरचा दंड होता. मोटर वीज ओढते, पण ओढलेल्या साऱ्या विजेचे काम होत नाही. हे प्रमाण नव्वद टक्क्यांखाली घसरले की त्या काळी दंड पडे. हंगामातल्या एका महिन्याचा हा दंड आम्ही मागितलेल्या वाढीच्या जवळजवळ पाऊण पट होता! शिवाय ती मोटर चार वेळा जळून रिवाइंडिंग करून आणलेली. अशी मोटर बहुधा प्रत्येक खेपेस थोडी अधिक वीज खाऊ लागते. म्हणजे मजुराच्या घामाचा भाव वाढवावयास जो पैसा नव्हता, तो तारांतून उष्णता होऊन उडून जात होता.

शेठजींना हे पटले. कपॅसिटर त्यांनी बसविले, आणि दंड वाचला त्यातून रोजी नऊ रुपये वाढले. मोटर मात्र तीच राहिली. नवी मोटर घ्यावयास बँक कर्ज देईना. बँकेचे म्हणणे असे, की उत्पादन वाढणार असेल तर कर्ज मिळेल. नुसती वीज वाचणार, त्याला तारण काय? तेव्हा आम्ही म्हटले, यासाठी सरकारचा काही निधी असेलच. कायद्याचे पुस्तक उघडले, तर निधी होता.

केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा. 1 मार्च 2002 पासून तो अमलात आला आणि त्याच दिवशी दिल्लीस ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. कायद्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, प्रत्येक राज्य सरकारने राज्य ऊर्जा संवर्धन निधी उभारावयाचा. महाराष्ट्रात या कायद्याचे काम महाऊर्जेकडे आहे. आम्ही मोठ्या आशेने एका कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सज्जन होते; चहा पाजला. पण असा अर्ज करण्याचा नमुनाच नाही, असे म्हणाले. निधी आहे आणि अर्ज नाही! विहीर आहे, पण रहाट नाही, तसा हा प्रकार.

याचे कारण शोधता शोधता सरकारचे म्हणणे काय आहे, ते आमच्या ध्यानात आले. ते खोडसाळ नाही, म्हणून नीट ऐकून घेतले पाहिजे. अर्थखाते म्हणते, एकेका कामासाठी पैसा वेगळा बांधून ठेवला की विधिमंडळाचे हात बांधले जातात आणि पैसा पडून राहतो. दुसरे असे की, वीज वाचली तर फायदा वाचविणाऱ्याचाच. त्यासाठी जनतेचा पैसा कशाला? या दुसऱ्या मुद्द्याला दाखला एल.ई.डी. दिव्याचा देतात. 2014 च्या आरंभी केंद्राच्या कंपनीने हा दिवा 310 रुपयांना खरेदी केला. एकगठ्ठा खरेदी वाढत गेली, तशी 2016 पर्यंत किंमत 38 रुपयांवर आली. उजाला योजनेतून तो घरोघर गेला. खरे आहे, आपल्या गावातही तो आहे. हे काम फार चांगले झाले, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. परंतु दिवा खिशातल्या पैशाने घेता येतो, मोटर घेता येत नाही.

आणि फायदा वाचविणाऱ्याचाच होतो, हेही सर्वत्र खरे नाही. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे 2009 च्या सुमारास ब्यूरोने एक प्रयोग सुरू केला. शेतकऱ्यांचे दोन हजारांवर जुने पंप काढून तारांकित पंप फुकट बसवून दिले. फुकट का? कारण शेतकऱ्याला बिल अश्वशक्तीवर ठरावीक येत असे. वीज वाचली तरी त्याचे बिल तेवढेच. फायदा वीज कंपनीचा आणि तिला भरपाई देणाऱ्या सरकारी तिजोरीचा. मग खर्च शेतकऱ्याने का करावा? सरकारच्या हिताची गुंतवणूक सरकारनेच करावयास हवी, हे त्या प्रयोगाने दाखविले. पण हा मार्ग राज्यभर काही चालला नाही. 2024 मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. वर्षाला 14,760 कोटी रुपये खर्च सांगितला गेला. आम्ही त्याविरुद्ध नाही. आमच्या संघटनेतले निम्मे लोक धानाचे शेतकरीच आहेत. पण बिल दरसाल भरावयास पैसा निघतो आणि बिल कायमचे कमी करणाऱ्या पंपाला निघत नाही, हा हिशेब आम्हांस कळत नाही.

आता पैसा पडून राहतो, या मुद्द्याकडे वळू. 1 जुलै 2010 पासून केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला आणि स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी काढला. 2016 पर्यंत उपकर 400 रुपयांवर गेला. एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला, तर हे युनिटमागे तीस पैसे होतात. चंद्रपूर-उमरेडचा कोळसा खणणारा आमचा भाऊ, आणि त्या विजेवर पंखा लावणारे आपण, सर्वांनी ते भरले. 2010-11 ते 2017-18 या काळात 86,440 कोटी रुपये जमले. त्यांपैकी निधीत गेले 29,645 कोटी, आणि प्रत्यक्ष कामांना मिळाले 15,911 कोटी. 2017 साली जी.एस.टी. आला, तो उपकर गेला आणि त्याच दराचा दुसरा उपकर राज्यांच्या भरपाईसाठी लागला. सप्टेंबर 2025 मध्ये तोही उठला. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. राज्यांच्या ऊर्जा संवर्धन निधीला केंद्राने जी मदत देऊ केली, ती एका राज्याला जास्तीत जास्त चार कोटी, तीही दोन हप्त्यांत!

पैसा पडून राहतो म्हणतात, पण तो पडून का राहतो? आमचे उत्तर असे, की त्याला मागणारा नसतो म्हणून.

याच महाराष्ट्राने पूर्वी एक निधी उभारला, त्याला मागणारा होता. रोजगार हमी योजना 1972 सालची. तिचा कायदा 1977 चा, अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी. पैशासाठी 1975 साली व्यवसाय कर बसविला. आपल्या तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींतल्या कामगाराने पगारपत्रक काढून पाहावे. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तोच हा कर. त्या वेळी आमच्याआधीच्या कामगार पुढाऱ्यांची कुरकुर होती, आणि ती समजण्यासारखी होती. पण त्या कायद्यात दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या होत्या. करातून जेवढे येईल, तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालावयाची. आणि काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर बेकारभत्ता द्यावयाचा. तिथेही पैसा शिल्लक राही, भत्ता मिळविताना नाकी नऊ येत. आम्ही त्या कायद्याची आरती ओवाळीत नाही. तरीपण दुष्काळात बाई टोपली घेऊन तहसिलीसमोर उभी राहिली, की तहसीलदाराला उत्तर द्यावे लागे. तिच्या हातात कलम होते.

ऊर्जा संवर्धन निधीच्या कलमात ही बाई नाही. सरकारने निधी उभारावा, त्यातून खर्च करावा, एवढेच आहे. कोणी मागावा, किती दिवसांत मिळावा, न मिळाल्यास काय, याविषयी शब्द नाही. जुलै 2025 मध्ये केंद्राने लहान उद्योगांसाठी एक हजार कोटींची नवी योजना काढली. कार्यक्षम यंत्रासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के सूट. पाऊल योग्य आहे. पण व्याजाची सूट कर्ज मिळालेल्याला. ज्याला बँक दारातच उभे करीत नाही, त्याचे काय? भाड्याने चालविलेली मिल असेल, तर मोटर मालकाची, बिल भाडेकऱ्याचे आणि खाडा मजुराचा. अशा ठिकाणी बचत कोण करणार?

येथे आमच्या चळवळीचीही चूक सांगितली पाहिजे. कारखाना विजेच्या दरामुळे अडचणीत आला, की आम्ही दरात सवलत मागत मोर्चे काढले. भट्टी किती वीज खाते, मोटर कितव्यांदा जळली, हे विचारणे आम्हांला मालकाचे काम वाटे. सवलतीची मुदत संपे, आणि कुलूप मात्र कामगाराच्या पोटावर लागे.

गेल्या हंगामात त्या मिलची मोटर पुन्हा जळाली. आठ दिवस काम बंद राहिले. हमालांची आठ दिवसांची रोजी बुडाली आणि एका घरी मुलीच्या साखरपुड्याची तारीख पुढे ढकलावी लागली. त्यानंतर संघटनेच्या बैठकीत आम्ही एक अर्ज तयार केला. कचेरीत नमुना नव्हता, म्हणून आम्हीच केला. त्यात मोटरची अश्वशक्ती, ती किती वेळा जळाली, वर्षाची बिले, बुडालेल्या मजुरीचे दिवस आणि नव्या मोटरची किंमत, एवढे रकाने आहेत. खाली मालकाची सही आणि तिच्याबरोबरीने कामगारांच्या सह्या. तीस दिवसांत लेखी उत्तर मागितले आहे. असे अर्ज आम्ही तुमसर तालुक्यातील प्रत्येक मिलमधून महाऊर्जेकडे आणि आपल्या आमदारांकडे पाठविणार आहोत. प्रती आमच्या पिशवीत आहेत. मंडपाच्या दाराशी आमचे दोन सोबती कंदील घेऊन बसले आहेत. ज्यांच्या मिलचे बिल हाताशी असेल, त्यांनी उद्या ते घेऊन यावे.