कलकत्त्याचा एक हरलेला डाव

१८५५ साली कलकत्त्यात खेळला गेलेला बुद्धिबळाचा एक डाव आजही अभ्यासिला जातो. पांढरी मोहरी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराकडे होती, तर काळी मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे. कॉक्रेन हा लंडनमध्ये स्टाँटनसारख्या श्रेष्ठ खेळाडूशी खेळलेला. बॅनर्जी खेड्यातून आलेले, युरोपीय नियम मागाहून शिकलेले.

देशी पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. त्यामुळे आरंभीच पटाच्या मध्यभागी झुंज जुंपत नसे. देशी खेळाडू प्यादे एक घर सारून त्याच्या मागे उंट बसवी आणि दुरून मारा करी. युरोपातील तत्कालीन जाणकारांना ही मांडणी विचित्र वाटे.

या डावात कॉक्रेनने वजिराचे व त्याच्या शेजारील उंटाचे प्यादे दोन-दोन घरे पुढे टाकून मध्य व्यापला. बॅनर्जींनी प्रथम घोडा काढला, मग राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एकच घर सारले आणि तिसऱ्या खेळीस वजिराचे प्यादे एकदम दोन घरे नेऊन प्रतिपक्षाच्या मध्यावर आघात केला. दुसरी खेळी देशी वळणाची, तिसरी विलायती! दोन परंपरांचा असा मिलाफ त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

डाव मात्र त्यांनी गमावला. अठराव्या खेळीस कॉक्रेनच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे टिपले. पुढे वजिराचे बलिदान, आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्याची मात! दोष सुरुवातीचा नव्हता, पुढील बेसावधपणाचा होता. शाळाशाळांतून स्पर्धा भरविणाऱ्या शिक्षकांनी हा भेद ध्यानी घ्यावा. पराभूत विद्यार्थ्याच्या खेळ्याही वहीत उतरवून घ्याव्यात.

सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने व्हिएन्ना येथे याच सुरुवातीने अलेखिनला नमविले. तेव्हापासून ती ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते. ‘इंडियन डिफेन्स’ हे व्यापक कुलनाम मात्र बॅनर्जींच्या खेळावरून रूढ झाले, एवढे समाधान.

बॅनर्जींचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत, ते प्रतिस्पर्धी कॉक्रेनने नोंदी जपल्या म्हणून. कलकत्त्यास येण्यापूर्वी गावाकडे ते जे खेळले, त्यातील एकही खेळी कोणी लिहून ठेवलेली आढळत नाही.